थंबनेल बघून ओके!

कॉम्प्युटरची एक खोड मला फार आवडते. आपण फोटोंचं फोल्डर उघडलं, की तो कुणाला न विचारता आतल्या प्रत्येक फोटोची एक बारकी नक्कल करतो आणि गुपचूप स्वतःजवळ ठेवून देतो. मूळ फोटो राहो नाहीतर जावो, नक्कल पडून असते. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचंही अगदी तसंच आहे. मी काही ते ठरवून साठवले नाहीत. गिऱ्हाईक येतं, डोकं खातं, निघून जातं आणि त्याचा बारका फोटो माझ्याजवळ राहतो!

दुकान आमचं वाटूर फाट्यावर, फ्लेक्स बॅनरचं. मालक सलीमभाई. ते मशीन चालवतात आणि कॉम्प्युटरवर डिझाइन मी करते. वाढदिवस, लग्न, निवड, फेरनिवड, आमच्या भागात काहीही झालं की आधी बॅनर लागतो, मग लोकांना कळतं. मी इथं नवीन होते तेव्हा गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "डिझायनर कुठं हाय?" मी म्हणायचे, "समोर बसलाय." आता सगळे मॅडम म्हणतात. कुणाचा चेहरा किती मोठा दिसणार हे माझ्या हातात आहे ना!

बॅनरचा कायदा सोपा असतो. वर एक मोठा चेहरा, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची ओळ, म्हणजे बारके बारके चेहरे. त्या ओळीतून वरच्या जागेवर जायला माणसाचं आयुष्य जातं. शेजारच्या गावच्या सरपंच द्वारकाताई तिथून वर कशा गेल्या, तो किस्सा ऐकायला लोक अजून दुकानात येतात. पण तो लगेच सांगितला तर मजा जाईल. आधी त्या बारक्या नकलांशी ओळख करून घ्या. कॉम्प्युटरवाले त्याला थंबनेल म्हणतात. सलीमभाई म्हणतात, टिकली.

*

पहिला किस्सा बैलाचा.

एक आबा आले. त्यांच्या हिऱ्या बैलाचा वाढदिवस. बैलाचा बॅनर करायचा म्हटल्यावर मलाही हुरूप आला. म्हटलं, "फोटो पाठवा." आबांनी काय करावं? गॅलरीतून फोटो पाठवायचा सोडून मोबाइलच्या फायलींमध्ये शिरले आणि जिथं फोन त्या बारक्या नकला ठेवतो, त्या फोल्डरातून टिकली उचलून पाठवली! मूळ फोटो विचारला तर म्हणे तो नातवानं गेम टाकायला उडवला.

मी म्हटलं, "आबा, हा लई बारका आहे."

"मंग मोठा करा. दाबून वढा जरा!"

"आबा, ह्यात ठिपकेच मोजके आहेत. मूठभर पिठात अख्ख्या गावाची भाकरी होते का?"

"माझ्या मोबाइलवर तर झकास दिसून राह्यला. तुमच्याच मशीनला न्हाई जमत, असं म्हणा की!"

हे ऐकून सलीमभाईंचा पारा चढला. मशीनला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी घेतला छापायला. दहा फुटी बॅनर बाहेर आला तेव्हा त्यावर बैल नव्हताच. तांबडे, पांढरे, करडे चौकोन नुसते! सलीमभाई म्हणाले, "ताई, ही तर गोधडी झाली."

आबा बॅनर घेऊन गेले. मला वाटलं, भांडायला येणार. दोन दिवसांनी आले ते पेढे घेऊन! त्यांनी बॅनर शेताच्या बांधावर बांधला होता आणि रस्त्यावरून, लांबून बघितलं की त्या चौकोनांचा अगदी हुबेहूब हिऱ्या दिसायचा. मी स्वतः जाऊन बघितलं, खरंच दिसतो. शिंगं, वशिंड, सगळं.

"पण आबा, जवळ गेलं की काहीच कळत नाही ना?"

"मॅडम, बैल लांबूनच बघायचा असतो. जवळ गेलं की मारतो त्यो!"

*

आता द्वारकाताई.

वाटूरपासून जरा आत त्यांचं गाव. निवडून आल्या, सरपंच झाल्या, पण गावाचा कारभार बघायचे त्यांचे मालक रंगनाथराव. तसा मोकळा माणूस. रुबाबही दांडगा! पांढरा शर्ट, काळा गॉगल. मोटारसायकल बंद न करताच दुकानाच्या पायरीशी लावायचे आणि बसल्या बसल्या आत ओरडायचे, "झालं का डिझाइन?"

मी म्हणायचे, "आत या, उघडून दाखवते."

तर ते दारातूनच वाकून स्क्रीनकडं बघायचे. स्क्रीनवर फोल्डर असायचं, फोल्डरात टिकली असायची. तेवढ्यावरून, "ओके! छापा!"

"मोठं करून तर बघा."

"बारक्यात बराबर हाय ना? मंग मोठ्यात बी बराबरच असतंय!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. भात शिजला का ते एका शितावरून बघावं, तसं. गावाचा प्रत्येक बॅनर त्यांनी असाच पास केला. वर ते स्वतः, हात जोडून, गॉगल लावून. द्वारकाताई खाली, शुभेच्छुकांच्या ओळीत. त्यांचा फोटोही रंगनाथरावांनी कुठल्याशा लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून दिलेला, तीन-चार मोबाइल फिरून आलेला. नाक कुठं, डोळा कुठं, काही पत्ता नाही.

पंधरा ऑगस्टचा बॅनर लागला आणि दुसऱ्या दिवशी द्वारकाताई स्वतः दुकानात आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी त्यांना तोवर बघितलंच नव्हतं. बॅनरवर छापला होता त्या चेहऱ्यावरून ओळखणं शक्यही नव्हतं!

"ताई, माझं तोंड असं काऊन आलंय? पान्यात भिजल्यावानी?"

मी त्यांना भाकरीचं उदाहरण दिलं. त्यांना लगेच पटलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि खऱ्या गोष्टीवर आल्या.

त्यांचं माहेर केदारखेड्याचं. आई तिथं असते. म्हातारी शाळेत कधी गेलेली नाही, अक्षर कळत नाही. लेक सरपंच झाली म्हणून तिनं सगळ्या गल्लीला गूळ वाटला. मग कुणीतरी मोबाइलवर बॅनरचा फोटो नेऊन दाखवला आणि गल्लीतल्या बाया म्हणायला लागल्या, "तुही लेक कशाची सरपंच? फोटू तर जावयाचा हाय!"

"माय मला फोनवर इचारती, द्वारके, खरं सांग, तू हायेस का न्हाईस?" द्वारकाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बसला होता. "तिला नाव वाचता येत न्हाई, ताई. तिला तोंडच दिसतंय फकस्त."

गावात पाण्याच्या टाकीचं काम चालू होतं. त्यासाठी जालन्याच्या ऑफिसात खेटे घातले होते ते द्वारकाताईंनी. टाकी पुरी झाली की उद्घाटनाला आई येणार होती.

"त्या दिशी माझ्या मायला मी दिसले पाह्यजे. बस, एवढंच."

मी म्हटलं, "तुम्ही मोठा फोटो तेवढा आणा. बाकी मी बघते." सलीमभाई मशीनमागून म्हणाले, "आपल्या दुकानाचा एकच कायदा. ज्याच्या नावाची ऑर्डर, त्याचा हुकूम."

*

टाकी होईस्तोवर बाकीच्यांनीही आम्हाला रिकामं बसू दिलं नाही.

एक रिटायर गुरुजी आहेत. मुलाच्या लग्नाच्या बॅनरसाठी यायचे आणि कामापेक्षा मोबाइलच्याच तक्रारी जास्त. फोनची जागा भरली होती. कुणीतरी सांगितलं, त्या बारक्या नकलांचं फोल्डर उडवा, जागा होईल. गुरुजींनी उडवलं. सकाळी बघतात तर परत हजर!

"मॅडम, हे गाजरगवत हाय! रोज उपटतो, रोज उगवतंय!"

मी म्हटलं, "गुरुजी, उडवल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हंजे? गॅलरी उघडून बघतो, गेलेत का म्हणून."

"म्हणूनच येतात! गॅलरी उघडली की फोन नवीन नकला करायला बसतो. इतके फोटो तुम्हाला पटकन दाखवायचे, तर प्रत्येक वेळी मोठा फोटो कुठं उघडत बसणार? म्हणून बारके करून ठेवतो."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हंजे मी बघितलं न्हाई तर ते येणार न्हाईत?"

"नाही."

"आन् बघितल्याबिगर मला कळणार कसं, ते आले न्हाईत म्हणून?"

उत्तर सलीमभाईंनी दिलं. म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बघू नका. आमच्याकडं पाठवा, आम्ही बघून सांगतो!"

गुरुजींना हे इतकं पटलं की ते खरंच फोन पुढं करत होते!

*

एक कार्यकर्ता होता. नाव नको, माणूस अजून फिरतो आहे आणि अजूनही बॅनर आमच्याकडंच करतो. सुरुवातीला एका मोठ्या नेत्याचा खास. प्रत्येक बॅनरवर नेत्याच्या खांद्याला खांदा लावून ह्याचा फोटो. मग एक दिवस घाईघाईत आला.

"मॅडम, त्या साहेबांसंगचे माझे समदे फोटो उडवा. जल्दी! एक बी ठेवू नका."

दुसऱ्या नेत्याकडं गेला होता गडी. मी सगळे उडवले. समोर बसून त्यानं खात्री केली, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी करायला लावली. मोठा शांत होऊन गेला.

सहा महिनेही झाले नसतील, परत आला. चेहरा पडलेला. नव्या नेत्यानं तिकिटाच्या वेळी ओळखच दिली नव्हती.

"मॅडम, ते जुने फोटो हायेत का हो कुठं? साहेबांकडं परत जायलोय. म्हणलं, जुना फोटो घेऊन गेलो तर जरा बरं दिसंल."

मी कपाळाला हात लावला. पण मग आठवलं, कॉम्प्युटर त्या नकला वेगळ्या फायलीत झाकून ठेवतो. मूळ फोटो उडवला तरी त्या फायलीला कुणी जाऊन सांगत नाही. नकला बघायचं एक लहानसं सॉफ्टवेअर मी टाकलं, ती फाइल उघडली, आणि सापडला की साहेब आणि कार्यकर्ता! खांद्याला खांदा, पण बोटाच्या नखाएवढे.

गड्याचा आनंद गगनात मावेना. "आता मोठा करा!"

"मोठा नाही होणार. एवढाच उरलाय."

सलीमभाई स्क्रीनकडं वाकून बघत म्हणाले, "बिलकुल बराबर साइज हाय, भाऊ. निष्ठा जेवढी उरली, तेवढाच फोटो उरला!"

*

त्याच सुमारास द्वारकाताई अधूनमधून फाट्यावर दिसायच्या. जालन्याच्या एस.टी.ची वाट बघत उभ्या, हातात तीच पिशवी. मी दुकानातून हात करायचे. एकदा चहाला आल्या तर म्हणाल्या, "पाइपाचं काम रखडवून राह्यलेत. आज साहेबाच्या टेबलापुढून हालतच न्हाई म्हणलं." संध्याकाळच्या गाडीनं उतरल्या त्या हसतच. काम मंजूर! रंगनाथराव त्या दिवशी कुठं होते? आमच्या दुकानात. पाइपाचं काम मंजूर करून आणल्याबद्दल स्वतःच्याच अभिनंदनाचा बॅनर सांगायला आले होते. दारातूनच.

*

आता तीर्थपुरीच्या मंडळाचा किस्सा. हा नीट ऐका, पुढं कामाला येणार आहे.

आमची कामाची एक पद्धत आहे. मंडळाचा अध्यक्ष दरवर्षी बदलतो, पण बॅनर तोच असतो. मग सारखं नवीन कोण करत बसणार? फाइलीचं नाव कायम "अध्यक्ष". दरवर्षी त्याच नावावर नवा चेहरा टाकायचा, जुना आपोआप पुसला जातो. डिझाइन तयार!

त्या वर्षी नवा अध्यक्ष झालेला तरणाबांड गडी होता. जुन्या अध्यक्षाशी त्याचा उभा दावा. मी त्याचा फोटो "अध्यक्ष" नावावर टाकला आणि त्याला बघायला बोलावलं. फोल्डर उघडलं तर टिकलीत जुना अध्यक्ष हसतोय!

गड्याचे कान लाल. "मॅडम, अजून त्योच?"

"अहो, थांबा." मी फाइल उघडली. आत नवा अध्यक्ष, फेटा बांधून. गडी खूश. फाइल बंद केली. टिकलीत परत जुना अध्यक्ष!

"उघडा परत."

उघडली. नवा.

"झाका."

झाकली. जुना.

"ही काय भानगड हाय? उघडलं की मी, झाकलं की त्यो!"

भानगड एवढीच, की आमच्या जुन्या कॉम्प्युटरनं पूर्वी एकदा नक्कल करून ठेवली होती आणि नवीन नक्कल करायचा त्याला आळस. आत फोटो बदलला तरी वर जुनीच टिकली. मी हे त्याला समजावत होते, पण सलीमभाईंनी एका वाक्यात मिटवलं, "दादा, अध्यक्षपद असंच असतंय. माणूस जातो, खुर्चीवर डाग राहतो."

त्या दिवसापासून आम्ही नियमच केला. दर शनिवारी दुकान बंद करायच्या आधी मी कॉम्प्युटरच्या साफसफाईचं पान उघडायचं, त्यात थंबनेलच्या पुढं टिक करायची आणि सगळ्या जुन्या टिकल्या पुसून टाकायच्या. सोमवारी फोल्डर उघडलं की कॉम्प्युटर झक मारत नव्या करतो.

दर शनिवारी. हे लक्षात ठेवा.

*

टाकी झाली. उद्घाटन रविवारी ठरलं. जालन्याहून साहेब लोक येणार, गावाच्या वेशीत मोठा बॅनर लागणार.

बुधवारी रंगनाथराव आले. पायरीशी मोटारसायकल, गाडी चालू. डिझाइन सांगितलं ते नेहमीचं. वर ते. मागं टाकी. खाली शुभेच्छुकांच्या ओळीत द्वारकाताई, उजवीकडून तिसऱ्या. मी केलं, "टाकी उद्घाटन" नावानं ठेवलं. "शुक्रवारी येऊन बघतो," म्हणाले आणि गेले.

गुरुवारी द्वारकाताई आल्या. मी त्यांना डिझाइन दाखवलं. लपवण्यासारखं काय होतं त्यात? त्यांनी खालच्या ओळीत स्वतःला शोधलं. बराच वेळ लागला. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या,

"ताई, ही ऑर्डर कोनाच्या नावानं हाय?"

"ग्रामपंचायतीच्या. म्हणजे सरपंचांच्या. म्हणजे तुमच्या."

"मंग बदला."

त्यांच्या बचत गटातल्या एका बाईनं टाकीपाशी त्यांचा फोटो काढला होता. मी आधीच सांगून ठेवलं होतं, व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवू नका, वाटेत बारीक होतो. डॉक्युमेंट करून पाठवा. तसाच पाठवला. मी उघडला आणि बघतच राहिले. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकावर घामाचे थेंब, आणि हसू असं की स्क्रीन उजळली! मी मोठा करत गेले, मोठा करत गेले, फोटो कुठं फाटेना. पापणीचा केस न केस दिसत होता.

सलीमभाई मशीन सोडून आले. "ह्याला म्हणतात फोटो!"

"आणि ह्यांचा कुठं घ्यायचा?" मी रंगनाथरावांच्या गॉगलकडं बोट दाखवलं.

द्वारकाताईंनी जरा विचार केला. "खाली घ्या. शुभेच्छुकात. पण पैल्या नंबरला घ्या हां, डाव्या अंगाला. मान राखला पाह्यजे."

"त्यांना विचारलंय का?"

"ते मला इचारून छापतेत का?"

मी बदललं. त्याच नावानं ठेवलं, आमच्या पद्धतीप्रमाणं.

शुक्रवारी रंगनाथराव आले. गाडी चालू, गॉगल डोळ्यांवर.

"दाखवा, मॅडम. जल्दी! मंडपवाला थांबलाय."

मी फोल्डर उघडलं. ते दारातून वाकले. मी म्हटलं, "आत या, उघडून दाखवते."

"दिसतंय की!"

"साहेब, त्यात बदल झालाय. एकदा मोठं करून बघा," सलीमभाई म्हणाले. सलीमभाई सहसा गिऱ्हाइकाला आग्रह करत नाहीत. त्या दिवशी केला.

रंगनाथरावांनी गॉगल वर सरकवला, डोळे बारीक केले, टिकलीकडं बघितलं आणि प्रसन्न हसले.

"लई भारी बदल केला. झकास दिसून राह्यलो! छापा!"

"उघडते ना," मी माउसवर हात ठेवून म्हटलं.

"किती येळा सांगू तुम्हाला, मॅडम? बारक्यात बराबर, तर मोठ्यात बराबर!" आणि गाडीचा आवाज लांब गेला.

मी सलीमभाईंकडं बघितलं. सलीमभाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. शुक्रवार. टिकल्या पुसायला अजून एक दिवस होता. मग त्यांनी मशीनचं बटण दाबलं.

*

रविवारी बॅनर बांधायला आम्ही दोघं जातीनं गेलो. एरवी मी जात नाही. पण हे कोण सोडणार?

वेशीत बॅनर ताणून बांधला आणि अख्खं गाव जागच्या जागी थांबलं. वीस फुटी बॅनरवर द्वारकाताई हसत होत्या. मागं टाकी. बचत गटाच्या बायांनी अशा टाळ्या पिटल्या की ताशेवाल्याला वाटलं आपली वेळ झाली, आणि तो वाजवायलाच लागला!

तेवढ्यात मोटारसायकल आली. आणि आयुष्यात पहिल्यांदा रंगनाथरावांनी ती बंद केली.

"सलीमभाई, हे काय हाय?"

"टाकी उद्घाटन, साहेब. तुम्हीच ओके केलंय."

"मी बघितलं तव्हा मी मोठा व्हतो!"

"कशात?"

"बारक्यात! बारक्यात मी मोठा व्हतो!"

भोवतालची चार माणसं हसली, मग आठ हसली. बॅनर उतरवावा तर वेळ नव्हता, कारण साहेबांची जीप वळणावर दिसत होती. जीप बॅनरपुढं थांबली. साहेबांनी वर बघितलं, खाली उतरले, आणि हार घेऊन उभ्या राहिलेल्या रंगनाथरावांच्या बाजूनं सरळ पुढं गेले. द्वारकाताईंपुढं हात जोडून म्हणाले, "नमस्कार सरपंच मॅडम, चला, टाकी दाखवा तुमची." मला रडूच फुटलं. सलीमभाई म्हणाले डोळ्यात धूळ गेली असेल, त्यांच्याही गेली आहे.

द्वारकाताईंनी नळ सोडला. पाणी आलं, आणि चांगलं जोरात आलं. पोरं भिजली, साहेब भिजले, सगळ्या बाया भिजल्या.

केदारखेड्याची म्हातारी मात्र नळापाशी आलीच नव्हती. ती मघापासून वेशीत, बॅनरच्या पुढ्यात काठी टेकून उभी होती. मान मागं टाकून बघत होती. तिच्या शेजारी बिचारे रंगनाथराव, सासूला उन्हातून सावलीत न्यावं म्हणून आलेले.

"मामी, चला आता, ऊन लागंल."

म्हातारी हालेना. तिनं काठी वर केली आणि त्या वीस फुटी हसऱ्या चेहऱ्याकडं रोखली.

"ही माही द्वारकी. हे कोनी वाचून सांगायची गरज न्हाई." मग काठी सावकाश खाली आली, खालच्या ओळीवर, डाव्या अंगाला, पहिल्या नंबरावर थांबली. गॉगल तिनं बरोबर ओळखला होता. ती काळजीनं रंगनाथरावांकडं वळली.

"पन जावईबापू, फोटू काढताना तुमी एवढे लांब काऊन जाऊन हुबे राह्यल्ते?"